यांचं बाहेर कोण आहे?

आधीच सांगते – या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचायचे आणि हसायचे. घाटात हात दाखवणारी बाई, विहिरीतून येणारा आवाज... वाचायचे आणि पान उलटायचे. मी आयसीयूची सिस्टर. पंधरा-सोळा वर्षं त्यातच गेली. किती माणसं डोळ्यांदेखत गेली. त्यांचे डोळे मिटलेत, नळ्या काढल्यात, अंग पुसलंय आणि मग हात धुऊन चहासुद्धा प्यायलाय. भूत असतंच तर सगळ्यात आधी मला भेटलं असतं, असं मी आमच्या आईला म्हणायचे. ती म्हणायची, "तोंड आवर गं." मी आणखी हसायचे.

आता हसत नाही. पण विश्वास ठेवते असंही म्हणता येत नाही... काय म्हणायचं तेच कळत नाही, म्हणून लिहितेय.

मी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहते. लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. आई गेल्यापासून घरात एकटीच. भाऊ आहे, पण तो परदेशात, दिवाळीला फोन करतो. तेव्हा मी उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये होते. नाव सांगत नाही, कारण हॉस्पिटलचा यात काही दोष नव्हता. आयसीयू पहिल्या मजल्यावर. खिडक्यांमधून मागच्या कारखान्यांच्या गच्च्या दिसायच्या आणि गच्च्यांवर दोऱ्यांना लावलेल्या जीन्स – निळ्याच निळ्या, उन्हात वाळत घातलेल्या. भुताच्या गोष्टीला लागतो तसा अंधार आमच्याकडे कधी नव्हताच. ट्यूबलाइट दिवसरात्र चालू.

आणि शांतताही नव्हती. ज्यांनी आयसीयू आतून पाहिलंय त्यांना माहीत असेल. मॉनिटरची टिकटिक, व्हेंटिलेटरचा फुस्स-फुस्स, औषधाच्या पंपाचा अलार्म. घरी गेले तरी ते आवाज कानात असायचे.

नातेवाइकांना भेटायची वेळ सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एका पेशंटला एक पास, एका वेळी एकच माणूस. काचेच्या दाराशी पवार मामा – आमचे वॉचमन – खुर्ची टाकून बसायचे. पास बघायचे, चपला काढायला लावायचे, गाऊन आणि मास्क द्यायचे. मामांच्या हाताखालून माशीसुद्धा आत जात नसे. दाराबाहेर लोखंडी बाकडी. नातेवाईक तिथंच बसायचे, तिथंच जेवायचे, तिथंच रडायचे.

आता दत्तू मास्तरांबद्दल सांगते.

उल्हासनगरात जीन्स शिवायचे इतके कारखाने आहेत, त्यातल्या एकात ते कटिंग मास्तर होते. मूळचे बीडकडचे. वय पन्नाशीच्या आसपास, काटक. अंबरनाथ पश्चिमेला चाळीत एक खोली. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, बाळही राहिलं नाही. पुन्हा लग्न केलं नाही, गावाशी संबंध उरला नाही. त्यांना घेऊन त्यांचे सिंधी शेठच आले, स्वतःच्या गाडीतून.

"सिस्टर, चलता-फिरता आदमी था," शेठ सारखे तेच सांगत होते. "पंधरा दिन पहले पेट खराब हुआ, बस. परसों बोला पायाला मुंग्या येतात. काल हातातून कैची गिर गयी. आज उभाच राहत नाही. ऐसा कैसे होता है?"

असं होतं. त्याला जीबीएस म्हणतात. आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. छातीपर्यंत आलं की श्वास घ्यायची ताकद जाते, मग व्हेंटिलेटर. बहुतेक जण बरे होतात, पण आठवडे जातात, कधी महिने. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट – डोकं शाबूत असतं. माणूस आत पूर्ण जागा असतो. त्याला ऐकू येतं, कळतं, दुखतं. फक्त काहीही हलत नाही.

मास्तरांचे फक्त डोळे हलायचे.

गळ्याला छिद्र पाडून नळी टाकली होती, त्यामुळे आवाज नाहीच. मी त्यांच्याशी एक खूण ठरवली. वर बघितलं की 'हो', डोळे मिटले की 'नाही'. शब्द सांगायचा असला की मी क, ख, ग, घ म्हणत जायचे, हवं ते अक्षर आलं की ते वर बघायचे. काना-मात्रा मी अंदाजाने लावायचे. त्यांनी सांगितलेला पहिला शब्द होता 'ख' आणि 'ज'. मला वाटलं खाजगी काहीतरी आहे... मग कळलं, खाज! नाकाला खाज सुटली होती आणि कोणाला सांगता येत नव्हतं. मी नाक खाजवून दिलं. त्या माणसाच्या डोळ्यांत जे समाधान दिसलं ते मी विसरणार नाही.

शेठ सुरुवातीला यायचे. मग धंदा, मग गुजरातेत कुठलंसं लग्न. त्यांना दोष नाही, उपचाराची सोय त्यांनीच एका ट्रस्टकडून लावून दिली होती. पण भेटायच्या वेळेला मास्तरांच्या बेडजवळ कोणी नसायचं, हेही खरंच.

शेजारच्या बेडवर अंबरनाथचे एक आजोबा होते. फुप्फुसात पाणी झालेलं. पहिले काही दिवस मुलं, सुना, नातवंडं – बाहेर पाय ठेवायला जागा नसायची. मग आजार लांबला तशी गर्दी पातळ झाली. हे होतंच, मी खूप पाहिलंय. आजोबा मात्र सुधारले होते. व्हेंटिलेटर निघाला होता, दुसऱ्या दिवशी वॉर्डात हलवायचं ठरलं होतं.

त्या संध्याकाळी भेटायच्या वेळेला मी औषधं भरत होते. सहज मान वर केली तर आजोबांपाशी एक बाई उभी. पाठ माझ्याकडे. इतकी खाली वाकलेली की मास्क आजोबांच्या कानाला लागत असावा. मला वाटलं, सून असेल. फक्त एक गोष्ट खटकली. आमच्याकडे कापडी गाऊन कधीच बंद झाले होते, नातेवाइकांना कागदासारखे निळे द्यायचो. हिच्या अंगात कापडी होता, हिरवा, धुऊन धुऊन विटलेला. म्हटलं, मामांकडचा स्टॉक संपला असेल, कपाटातले जुने काढले असतील.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही, नंतर आली. आयसीयूत पाऊल टाकणारा प्रत्येक नातेवाईक आधी मॉनिटरकडे बघतो. त्यातलं काही कळत नसलं तरी बघतो. मग पेशंटकडे. ही एकदाही बघत नव्हती.

वेळ संपली तेव्हा मी मामांना म्हटलं, "आजोबांच्या सुनेला सांगा, उद्या वॉर्डात हलवणार म्हणून."

मामा म्हणाले, "आज कुठं आलंय त्यांच्यातलं कोणी? पास हितंच पडलाय की."

"अहो मामा, मी आत्ता बघितलं."

"सिस्टर, मी काय झोपलो व्हतो का?" त्यांना रागच आला.

मी विषय वाढवला नाही. दुसऱ्या कोणाचं तरी माणूस चुकून त्या बेडशी गेलं असेल. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर आले तर आजोबांचा बेड रिकामा, चादर बदललेली. एकाएकी हार्ट बंद पडलं म्हणे. अशा पेशंटमध्ये होतं. वाईट वाटलं आणि मी कामाला लागले.

त्या दिवसापासून मास्तरांचं बिघडलं. म्हणजे आजार तसाच होता, पण भेटायची वेळ जवळ आली की त्यांची नाडी धावायला लागायची, बीपी चढायचं, अंग घामाने भिजायचं. वेळ संपली की हळूहळू उतरायचं. आयसीयूचे डॉक्टर – आमचे सर – म्हणाले, "या आजारात हे असंच वरखाली होतं. आपोआप चालणाऱ्या नसाही बिघडतात." बरोबर होतं ते, पुस्तकातही तसंच आहे. पण पुस्तकातलं वरखाली होणं घड्याळ बघून होत नाही.

एका दुपारी, जरा निवांत असताना, मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"मास्तर, कुठं दुखतंय का?"

डोळे मिटले. नाही.

"भीती वाटतेय?"

वर बघितलं.

"कशाची? सांगा मला." मी क, ख, ग सुरू केलं. 'ब'वर ते थांबले. पुढे काही देईनात, नुसते बघत राहिले.

"बाई?"

वर.

"कुठली बाई? आमची जिन्सी सिस्टर?" जिन्सी माझ्याबरोबर ड्युटीला असायची. केरळची, कामाला वाघीण.

नाही.

"बाहेरची? भेटायच्या वेळेला येते ती?"

वर. आणि मॉनिटरवर नाडी चढायला लागली.

मला तेव्हाच थांबायला हवं होतं, पण मी विचारलं, "काय करते?"

'व'... 'च'... 'र'. विचारते.

"काय विचारते, मास्तर?"

याला खूप वेळ लागला. मध्येच ते डोळे मिटून घ्यायचे, मी थांबायचे. 'ब', 'ह', 'र'. मग 'क'. मग 'ण'. मी अक्षरं जोडली आणि मोठ्याने म्हटलं, "बाहेर कोण?"

त्यांनी वर बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. त्यांना ते पुसतासुद्धा येत नव्हतं.

"आजोबांनाही विचारलं होतं?"

वर.

"आजोबा काय म्हणाले?"

'क', 'ण', 'न', 'ह'. कोणी नाही.

ऊन चांगलं खिडकीतून आत आलं होतं. बाजूला जिन्सी सलाईन बदलत होती. तरी मी एकदा मागे वळून बघितलं. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हटलं, "स्वप्न आहे ते. औषधांनी होतं. मी आहे ना." सरांनाही सांगितलं. ते चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, "एकटेपणा आहे, आयसीयूत असे भास होतात. त्यांच्याशी बोलत जा. आणि त्या शेठला फोन लावा." शेठ अजून लग्नातच होते.

दोन-चार दिवस काही नाही. मग ती सकाळ.

भेटायची वेळ सुरू झाली होती. बाकीच्या बेडांपाशी नातेवाईक होते. मास्तरांच्या नळीत कफ साचला होता म्हणून मी सक्शन करत होते – बारीक नळी आत घालून कफ ओढून काढायचा. बेडच्या एका बाजूला मी, पलीकडे खिडकी. काम करता करता मास्तरांचे डोळे माझ्यावरून सरकले आणि खिडकीच्या बाजूला गेले. तिथेच खिळले.

आणि सगळे आवाज बंद झाले.

कसं सांगू... लाइट जाते तेव्हा पंख्याचा आवाज हळूहळू थांबतो, तसं नाही. एकदम. व्हेंटिलेटर चालू होता, मास्तरांची छाती वरखाली होताना दिसत होती, पण आवाज नाही. पलीकडच्या बेडवर कोणाची तरी मुलगी रडत होती, तिचं तोंड हलत होतं, आवाज नाही.

बेडच्या पलीकडच्या कठड्यावर दोन हात होते. मी मान वर केली नाही. मला करता आलीच नाही. मला दिसले ते फक्त हात आणि विटक्या हिरव्या गाऊनच्या बाह्या. हात भयानक वगैरे काही नव्हते. स्वच्छ, नखं बारीक कापलेली, सारखे धुऊन कोरडे पडलेले. आम्हा सिस्टर लोकांचे असतात, तसेच.

"यांचं बाहेर कोण आहे?"

आवाजही साधा. रागाचा नाही, घोगरा नाही. रिसेप्शनवरची बाई विचारते तसा. मास्तरांची नाडी मॉनिटरवर खाली खाली चालली होती. अलार्म वाजायला हवा होता, वाजत नव्हता. नुसता लाल दिवा लुकलुकत होता.

मला जिन्सीला हाक मारायची होती. तोंडातून निघालं भलतंच. "मी आहे. मी बहीण यांची."

मग ती म्हणाली, "तू तर आत आहेस."



पुढे मी जे केलं ते कुठलीही सिस्टर करणार नाही. पेशंटची नाडी बुडत असताना त्याला सोडून मी पळाले. हातातली नळी टाकली, ट्रॉलीला धडकले, आणि काचेचं दार ढकलून बाहेर आले. दार उघडताच आवाज परत आले – सगळे अलार्म एकदम, आणि मागून जिन्सीची किंकाळी, "मीना सिस्टर! अरे किधर जा रही है?" मी थांबले नाही. बाहेरच्या बाकड्यावर दोन बायकांच्या मध्ये जाऊन बसले. युनिफॉर्ममध्ये, हातात ग्लोव्हज तसेच.

पवार मामा खुर्चीतून उठले. "ओ सिस्टर! हितं काय बसलाय? आत काय झालं?"

"मामा, मी नातेवाईक आहे," मी म्हटलं.

"काय?"

"दत्तू मास्तरांची नातेवाईक आहे मी. बहीण."

मामा माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. शेजारची बाई जरा सरकून बसली. आतून धावपळीचे आवाज येत होते, मला प्रत्येक आवाज ओळखू येत होता – ट्रॉली ओढली, औषध मागितलं, कोणीतरी छाती दाबायला स्टूलवर चढलं. मला आत जायचं होतं. पंधरा वर्षांची सवय, पाय आपोआप उठत होते. मी बाकड्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मग काचेचं दार आतून थोडं उघडलं. हात जाईल एवढंच. आणि नेहमी बाहेर पुकारा होतो तसा पुकारा झाला –

"दत्तूचं कोण आहे बाहेर?"

तोच आवाज.

मी उभी राहिले. माझा आवाज मला परका वाटला. मी ओरडले, "मी आहे! मी आहे बाहेर! कुठं जात नाही मी!"

दार तसंच राहिलं. मला वाटलं किती तरी वेळ. फटीतून आतल्या एसीची थंड हवा पायांवर येत होती. मग ते आपोआप मिटलं.

मामांनी माझं मनगट धरलं. "सिस्टर, कोणाशी बोलताय? कोण नाय तिथं." त्यांनी पुकारा ऐकला नव्हता. शेजारच्या दोघींनीही नाही. दार हललेलं मात्र सगळ्यांनी बघितलं होतं.

थोड्या वेळाने जिन्सी बाहेर आली. केस विस्कटलेले, डोळे रागाने लाल. "आया वापस," ती म्हणाली. "दो बार एट्रोपिन का इंजेक्शन दिया, छाती पे मसाज किया, तब आया. तू पागल है क्या, मीना? छोड के भाग गयी?" आणि माझ्याकडे बघून बहुतेक घाबरली असावी, कारण पुढचं बोलायचं सोडून ती माझ्याजवळ बसली आणि तिने माझे ग्लोव्हज काढले.

सरांनी मला केबिनमध्ये समजावलं. सक्शन करताना नाडी एकदम पडू शकते, या आजारात तर हमखास. तुला माहीत आहे हे. तुझी सलग ड्युटी झाली होती, मनावर ताण होता. बरोबर. मी स्वतः नवीन मुलींना हे शिकवलंय. पण क्रिटिकल पेशंट सोडून जाणं ही साधी गोष्ट नाही. मेट्रनबाईंनी विचारलं, "का गेलीस?" मी राजीनामा दिला. त्यांनीही थांब म्हटलं नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच हॉस्पिटलमध्ये साध्या साडीवर गेले. शेठना फोन करून मास्तरांचा पास माझ्या नावाने करून घेतला. मामांनी पास हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि मला गाऊन दिला. निळा, कागदी.

मास्तर जागे होते. मी वाकून म्हटलं, "मास्तर, मी आता इथं कामाला नाही. मी तुमची बहीण म्हणून येणार. बाहेर बसणार. चालेल?"

ते वर बघत राहिले. खाली बघेचनात.

थंडी सरून ऊन तापायला लागलं, तेवढे दिवस मी त्या बाकड्यावर बसले. सकाळपासून भेटायची वेळ संपेपर्यंत, मग परत संध्याकाळी. घरी कोणी वाट बघणारं नव्हतंच. कोणी विचारलं की सांगायचे, भाऊ आहे आत. पुन्हा तो पुकारा मला ऐकू आला नाही. पण कोणाचंही नाव पुकारलं आणि त्याचं बाकड्यावर कोणी नसलं, तर मी हात वर करायचे. मामांना वाटायचं माझं डोकं फिरलंय. तरी चहा आणून द्यायचे.

मास्तरांच्या खांद्यात आधी हालचाल आली. मग बोटांत. मग व्हेंटिलेटर सुटला, नळी निघाली, छिद्र भरलं. आवाज आला तोही आधी कुजबुजल्यासारखा. वॉर्डात हलवल्यावर एक दिवस मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा त्यांनी चमचा हाताने बाजूला केला.

"ताई, त्या दिशी तुमी भाईर गेलात ना..."

"राहू दे आता ते."

"न्हाई, ऐका. तुमी गेल्यावर बी ती हितंच व्हती. लोकं माझी छाती दाबत व्हते, त्यांच्या मदी उभी. कुणालाच दिसंना. मग दारापाशी गेली. तुमचा आवाज म्या ऐकला. भाईरनं." ते दम खायला थांबले. "मग माघारी आली. मला वाटलं, आता नेती. तर मला इचारलं, हिचं कोण हाय?"

माझ्या हातातला वाडगा मी खाली ठेवला.

"तुमचं इचारलं, ताई. ह्या बाईचं कोण हाय, म्हणली."

"मग?"

"मला कुठं बोलता येत व्हतं? म्या वर बघितलं." त्यांनी तसंच वर बघून दाखवलं. "तवा गेली."

मी तिचा चेहरा कसा होता विचारलं. "मास्क व्हता," म्हणाले. "मास्कच्या वर काय व्हतं ते इचारू नका."

मी पेजेचा वाडगा पुन्हा उचलला.

याला आता काही वर्षं झाली. मी बदलापुरातच एका डायलिसिस सेंटरला काम करते. तिथं पेशंट चालत येतात, चालत जातात. दत्तू मास्तर – मी आता त्यांना भाऊच म्हणते – काठी घेऊन चालतात, पुन्हा कटिंगला बसतात. भाऊबीजेला अंबरनाथहून येतात आणि माझ्या हातचं खाऊन जातात. त्या दिवसांबद्दल आम्ही बोलत नाही.

गेल्या वर्षी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. मोठं नव्हतं, दुर्बिणीतून करतात तसं. तरी आदल्या दिवसापासून मला घाम फुटत होता, आणि तो ऑपरेशनच्या भीतीने नव्हता. भाऊ सकाळीच आले. मला आत नेताना म्हणाले, "जा बिनघोर. म्या हितनं हलत न्हाई."

शुद्धीवर आले, खोलीत आणलं, तेव्हा दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं. भाऊ खुर्चीत बसून मोसंबी सोलत होते. मी विचारलं, काही खाल्लंत का? न्हाई म्हणाले. पाणी? न्हाई. चहालासुद्धा उठले नव्हते.

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "भाऊ, बाहेर कोणी माझं नाव पुकारलं का?"

"पुकारलं की," ते म्हणाले. "आपरेशन झाल्यावर डाक्टर आले भाईर. समदं ठीक हाय म्हणले."

मी डोळे मिटले. बरं वाटलं. भाऊ मोसंबीची एकेक फोड काढून ताटलीत ठेवत होते.

"त्याच्या आदी एकदा पुकारलं व्हतं," ते मान वर न करता म्हणाले. "म्या हाय म्हणलं."

मी डॉक्टरांना नंतर विचारलं, ऑपरेशन चालू असताना काही झालं होतं का? ते म्हणाले, "भूल दिल्यावर क्षणभर नाडी जरा कमी झाली होती, पण होतं तसं."

होतं तसं. मलाही माहीत आहे, होतं तसं. सगळ्याला कारण आहे आणि प्रत्येक कारण मला पाठ आहे. पण ती कोण, ते कुठलं कारण मला सांगत नाही. तुमच्यापैकी कोणी आयसीयूत काम करत असेल, कोणाला असं काही ऐकू आलं असेल, तर मला सांगा... निदान एवढं तरी सांगा, की 'मी आहे' म्हणायला बाहेर कोणीच नसेल, तर काय होतं.